बारा जुन्या, दहा नव्या

क्वासी लार्बी एका जागी स्वस्थ बसलाय, असं मी कधी पाहिलं नाही. सरकारी प्रचारगाडी मी चालवायचो आणि भोंग्यावर तो बोलायचा. गाडी थांबायच्या आत खाली उडी. बोलतानाही पाय चालूच, टायरला लाथा मारत राहायचा. आवाज मात्र असा, की फुफूसाठी उकडलेले कंद कुटणाऱ्या बायकांची मुसळं हवेतच थांबायची.

१९६५ साली आम्हाला नवं काम मिळालं. पौंड-शिलिंग जाणार, देशाचं स्वतःचं चलन येणार, हे गावोगाव समजवायचं. लार्बी नोट उंच धरून ओरडायचा, "पौंड हे नाव परक्यांचं. सेडी हे आपलं! सेडी म्हणजे कवडी. आपले पणजे कवड्यांवरच बाजार करायचे. आणि चेहरा बघा कुणाचा, आपल्या अध्यक्षांचा!"

अन्याकोम गावात पामतेल विकणारी एना बिरागो उठून उभी राहिली. "पोरा, माझ्या आईकडे मडकंभर कवड्या होत्या. गोऱ्यांनी शिलिंग आणले आणि त्या कवड्या आम्हा पोरींना खेळायला मिळाल्या. ह्या कागदाचं तसंच होणार नाही कशावरून?"

लार्बी तापला. गावचे मुखिया नाना ओवारे समोर बसले होते. त्यांच्या पूर्वजांची मोठी शपथ त्यानं सगळ्यांदेखत घेतली. "हा चेहरा नोटेवरून हलणार नाही. तुझ्या नातवंडांच्या लग्नातही हीच नोट चालेल."

लोक चपापले. ती शपथ कुणी सहजासहजी तोंडी आणत नाही; खोटी ठरली तर पूर्वजांना दंड भरावा लागतो. मी त्याची बाही ओढली. "अरे, कचेरीच्या कागदावर लिहिलंय तेवढंच बोल की!"

पण एना बिरागोला पटलं. तेलाच्या डब्यात लपवलेले पौंड तिनं बदलून घेतले.

पुढच्याच फेब्रुवारीत अध्यक्ष परदेशी असताना लष्करानं सत्ता घेतली. कचेरीतल्या भिंतीवरची त्यांची तसबीर उतरली, तेव्हा लार्बी माझ्याकडे धावत आला. "बाफोर, आता नोटेवरच्या चेहऱ्याचं काय?"

"तुझं काय जातंय त्यात?"

"माझी जीभ जातेय!"

त्यानंतर त्याला घास गोड लागेना. मक्याच्या पिठाचं उकडलेलं केंकेसुद्धा तो उभ्यानंच खायचा. अन्याकोमचा फाटा आला की म्हणायचा, "पुढं घे, पुढं घे."

वर्षभरानं नव्या नोटा निघाल्याच. चेहरा गेला, त्याजागी कोकोच्या शेंगा आल्या. वर बारा जुन्या सेडींना दहा नव्या. आमच्या फेरीत अन्याकोम होतं. लार्बीनं तापाचं निमित्त केलं, साहेबानं ऐकलं नाही.

चौकात सगळं गाव जमलं. लार्बीनं हिशोब सांगितला, तशी एना बिरागो म्हणाली, "बारा पोरं दवाखान्यात नेली आणि दहाच घरी आणली, तर ती आई काय म्हणेल रे?"

हशा पिकला. "एना, नवी सेडी जुनीपेक्षा किमतीनं मोठी आहे, तुझं काही कमी होत नाही," असं तो सांगू लागला, तेवढ्यात नानांच्या वतीनं बोलणाऱ्या त्यांच्या बोलक्यानं काठी आपटली. "हिशोब नंतर. आमच्या पूर्वजांची शपथ तू घेतली होतीस. चेहरा हलला. मेंढी आणि जिनची बाटली दे."

मी मध्ये पडलो. "नाना, नोट सरकारनं बदलली. ह्या बिचाऱ्यानं काय केलं?"

नाना शांतपणे म्हणाले, "सरकारनं आमची शपथ घेतली नव्हती. ह्यानं घेतली."

लार्बीचे पाय थांबले. मग तो तडक बाजाराकडे निघाला. मी मागून ओरडलो, "कचेरीला कळवू, ते भरतील!"

"कचेरीची जीभ होती का ती?"

पगारातून मेंढी आणि बाटली आणली. पूर्वजांना नैवेद्य झाला, मटण गावभर वाटलं गेलं. एना बिरागोनं स्वतः रश्शाचा वाडगा त्याच्यापुढं ठेवला. "खा. आणि आता सांग, ह्या नोटा किती वर्षं चालतील?"

"मला माहीत नाही, एना."

गर्दीत कुजबुज झाली. लार्बी उभा राहिला, भोंगा न घेताच बोलला. "खरंच माहीत नाही. मुदत संपली की जुन्या नोटा चालणार नाहीत, एवढंच माहीत आहे. म्हणून बदला."

म्हातारी म्हणाली, "हे आधीच बोलला असतास, तर बिचारी मेंढी चरत असती."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी गावकऱ्यांना शहरातल्या बँकेत नेऊन आणत होतो. पहिल्या खेपेला एना बिरागो माझ्या शेजारी डबा मांडीवर घेऊन बसली होती.

मला वाटलं, आता तरी लार्बी स्वस्थ होईल. छे! त्याच वर्षी त्यानं नोकरी सोडली आणि जुनी लॉरी घेऊन उत्तरेकडून सुरण आणायला लागला. आमच्याकडे प्रत्येक लॉरीच्या कपाळावर काहीतरी वचन रंगवलेलं असतं. ह्याच्या लॉरीपुढं पेंटर ब्रश घेऊन उभा राहिला, म्हणाला, "बोला दादा, काय लिहू?"

लार्बी लॉरीभोवती दोनदा फिरला. "राहू दे. नंतर सांगतो," म्हणाला आणि गाडी सुरू केली.