सोललेली बोटं आणि बारा जीबी

नवा फोन घ्यायचा ठरवल्यावर मी दोन महिने अभ्यास केला. शाळेत असताना एवढा केला असता तर तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो नसतो. वहीत तक्ता आखला. प्रोसेसर, रॅम, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, बॅटरी. बायको मागून डोकावली आणि म्हणाली, "लग्न ठरवताना माझी तरी येवढी चौकशी केलेली काय तुमी?"

फोन आला. बारा जीबी रॅम, पाठीवर चार कॅमेरे. काचेवर बोट ठेवलं की पापणी लवायच्या आत उघडायचा. बोट नको असेल तर चेहरा बघून उघडायचा. दोन्ही फसलं तर आठ आकडी पिन. तो मी इतका सुरक्षित ठेवला होता की माझ्याही हाती लागू नये.

काजूचे दिवस होते. शनिवारी गावी, थोरल्या भावाकडे गेलो. भाऊ साठीचा, काजू आणि भातशेती करणारा. त्याने उसळीसाठी ओले काजू सोलायला बसवलं. "हाताक त्याल लाव," तो म्हणाला. मी फोनला डाग पडतील म्हणून लावलं नाही. काजूच्या चिकाने बोटं भाजली. त्याच हाताने मी डोळा चोळला. सकाळी उठलो तेव्हा बोटांची सालं निघत होती आणि उजवा डोळा सुजून बंद झाला होता.

तशा अवतारात आम्ही दोघे बागेत गेलो. भाऊ झाडावर चढून फांद्या हलवत होता, मी खाली काजी वेचत होतो. फांदी मोडली आणि भाऊ माझ्यापासून हातभर अंतरावर आदळला. घोटा भलत्याच दिशेला वळलेला.

मी फोन काढला. काचेवर बोट ठेवलं. फोन म्हणाला, ओळख पटत नाही. दुसरं बोट. तिसरं. हाताला ठसेच उरले नव्हते. चेहरा दाखवला. एका डोळ्याचा माणूस त्याच्या माहितीत नव्हता. पिन पाचदा चुकला, आणि त्याने मला तीस सेकंद थांबायला सांगितलं.

"काय करतंस?" भाऊ कण्हत म्हणाला.

"फोन उघडत नाही. आपत्कालीन नंबर लागेल फक्त."

"त्या नंबराक माझी बाग खंय आसा ता म्हायत आसा काय?"

मग त्याने पडल्या पडल्याच कमरेची प्लॅस्टिकची पिशवी सोडली. आत बटणांचा फोन, झाकण जाऊ नये म्हणून रबर लावलेला. भावाने अंगठ्याने एक बटण दाबून धरलं आणि शेजारच्या रिक्षावाल्याशी बोलायला लागला.

"मी पडलंय रे काजीवरसून. रिक्षा घेवन ये. भाव आसा हंय, पण तेचो फोन तेका वळखणा नाय."

पलीकडे तो हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. त्या फोनचा आवाज माझ्या फोनपेक्षा मोठा होता, आणि माझ्या तक्त्यात आवाजाचा रकानाच नव्हता.

रिक्षा आली. रिक्षावाल्याने आणि मी भावाला उचलून आत घातलं. हाड मोडलं होतं. दीड महिन्याचं प्लास्टर. रिक्षावाल्याने वाटेत भेटेल त्याला सगळी हकिकत सांगितली, त्यामुळे आठ दिवसांनी कचेरीतला शिपाईही मला विचारत होता, "साहेब, फोनाने आज ओळखलंन काय?" मला राग आला होता हे खरं. पण भाऊ आदळला तेव्हाचा आवाज आठवला की तो राग टिकायचा नाही.

दर रविवारी मी त्याच्याकडे जाऊ लागलो. एकदा तो बेजार होऊन बसला होता. प्लास्टरच्या आत काहीतरी चावत होतं. मी मोठ्या उत्साहाने फोन काढला (बोटांना नवी कातडी आली होती), टॉर्च लावला, जवळून टिपणारा कॅमेरा फटीशी धरला आणि फोटो काढला. आत एक लाल मुंगी. तिचे पाय, मिशा, सगळं मोजता येईल इतकं स्वच्छ. मी अभिमानाने फोन त्याच्यापुढे धरला.

त्याने तो बराच वेळ बघितला.

"मुंगयेचो फोटो बरो इलो," तो म्हणाला. "आता तिका भायर काढ."

मी फोन खाटेवर ठेवला आणि झावळीतली लांब काडी, माडाचा हीर, आणायला परसात गेलो.