विहिरीकाठचा कणकेचा दिवा

काल नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा उग्र वास आला. सून म्हणाली, "आई, हे पिऊ नका." मी पेला नाकाशी धरून बसले आणि फाळणीनंतरच्या पनवेलला जाऊन पोचले.

गावाबाहेर सिंधमधून आलेल्यांची छावणी होती. मी तिथे नर्स होते. पटकीच्या भीतीने आम्ही विहिरीत पावडर टाकायचो, तर बायका वासाने नाक मुरडून गुरांच्या तळ्यावर हंडे भरायला जायच्या. सांगून सांगून माझा घसा बसला होता.

एका सकाळी छावणीतल्या वयस्कर देवीबाई विहिरीवर आल्या. त्यांच्या लोकांत पाणी हाच देव. रेशनच्या कणकेचा दिवा त्यांनी काठावर लावला, ओढणी पुढे पसरून प्रार्थना केली आणि मला म्हणाल्या, "ला बेटी, दवा मैं डालूँगी." पावडर कालवलेली बादली त्यांनी स्वतः विहिरीत ओतली. औषध भिनेपर्यंत दिव्यापाशी गात बसल्या. मग पहिला लोटा त्याच प्यायल्या. मागून हंडे आपोआप रांगेत लागले.

पुढे कधी वास कमी आला, तर बायकाच विचारायच्या, "बेटी, आज देवता को दवा नहीं दी?"

तेव्हा मला वाटलं होतं, बाईंनी माझं काम सोपं केलं. आता वाटतं, घरदार मागे टाकून आलेल्या त्या बाईने परक्या गावचं पाणी त्या सकाळी आपलं करून घेतलं.

सुनेच्या देखतच मी पदर पुढे पसरला आणि पेला ओठांना लावून रिकामा केला.