महिपतीतात्याची पांढरी रेघ

सोमेश्वरनगरच्या आसपास कुणाला मोठं झाड पाडायचं झालं, की आधी महिपतीतात्याला बोलावणं जायचं आणि मगच मशीनने झाड कापणाऱ्या कटरवाल्याला. तात्या अडुसष्ट वर्षांचा, चौथी पास, अंगाने काटक. पडल्यावर झाडाचा शेंडा कुठवर पोचेल, हे तो झाडाला हात न लावता सांगायचा. झाडाच्या बुंध्याशी सपाट जागा बघून तो कमरेएवढी काठी उभी रोवायचा आणि उन्हात बसून राहायचा. काठीची सावली काठीएवढी झाली, की त्या घटकेला झाडाची सावलीही झाडाएवढीच असणार, हे त्याला बापाने शिकवलं होतं. मग सावलीच्या टोकाला तो चुन्याच्या पांढऱ्या फक्कीची रेघ ओढायचा. त्या रेघेच्या आत कुणी थांबायचं नाही, एवढं लोकांना पक्कं ठाऊक होतं.

सुरुवातीला तो टोकापुढे आणखी दहा फूट सोडून रेघ मारायचा. पण एकदा लोणी भापकर गावात कुणीतरी चारचौघांत खवचटपणे विचारलं, "तात्या, ह्ये मोजलंय का अंदाज ठोकलाय?" ते तात्याला असं झोंबलं की त्याने दहा फूट सोडणंच बंद केलं. पुढे चाळीसेक झाडं बरोबर रेघेशी येऊन पडली आणि लोक म्हणायला लागले, तात्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हातारा वरून 'कशाचं काय' म्हणायचा, पण आतून फुलायचा. कौतुक पचवायला भाकरी पचवण्यापेक्षा जास्त ताकद लागते आणि ती भल्याभल्यांकडे नसते.

यंदा जानेवारीत विजयसिंह नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातली नीलगिरी पाडायची ठरली. झाड वाळून खडखडीत झालेलं, बुंध्याला वाळवी लागलेली. एका अंगाला रस्ता आणि विजेच्या तारा, दुसऱ्या अंगाला पाण्याची चारी. झाड पाडायला जागा उरली ती फक्त पडीक माळाची, आणि नेमक्या त्या माळावर ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या.

तात्याने सकाळी साडेदहाच्या सुमारास काठी रोवली, सावली धरली, छप्पन्न फुटांवर फक्की ओढली आणि रेघेच्या आतल्या कोप्या हलवायला सांगितलं. टोळीने संध्याकाळपर्यंत त्या हलवल्या. भिमा नावाच्या तोडकऱ्याची कोप सगळ्यात शेवटी राहिली. मागे बैलगाड्या उभ्या होत्या, म्हणून त्याने ती रेघेच्या पलीकडे जेमतेम फूटभर अंतरावर ठोकली. त्याची बायको, नकोशी नाव तिचं, बारा दिवसांची बाळंतीण होती. तात्याची रेघ म्हटल्यावर फूटभर काय आणि मैलभर काय, असं तिथल्या सगळ्यांचंच मत होतं.

त्या दिवशी दिवेलागणीला तात्याची नात प्रगती वही घेऊन ओट्यावर बसली होती. ती दहावीला. शाळेत त्रिकोणमिती चाललेली. आजोबा काठीने जे करतात तेच आपल्या पुस्तकात आहे, याची तिला भारी गंमत वाटत होती. तिने काटकोन त्रिकोण काढला. उभी बाजू झाड, आडवी बाजू सावली, तिरकी बाजू उन्हाची तिरीप. सूर्य पंचेचाळीस अंशांवर आला की उंची भागिले सावली बरोबर एक येतं, त्यालाच टॅन पंचेचाळीस म्हणतात, असं तिने समजावलं. शिडी भिंतीला किती लांब टेकवायची, शेडच्या पत्र्याला उतार किती द्यायचा, हे सगळं त्यातूनच निघतं म्हणाली. तात्या मिशीत हसत ऐकत होता. मग तिने सहज विचारलं,

"पर आबा, झाड आन् जमीन काटकोनात पायजेत. तिथली जमीन सपाट हाय का?"

तात्याचं हसू मावळलं. काठी सपाटीवरच रोवली होती, चाळीस वर्षं हेच करतोय, असं त्याने तुटकपणे ऐकवलं. पोरगीने वही मिटली. तात्याला मात्र जेवण गोड लागलं नाही, आणि का, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी पहाटेच फडात गेली होती. कोपीत नकोशी आणि तिचं बाळ, एवढीच माणसं. अविराज कटरवाल्याने माळाच्या अंगाला खाच पाडली आणि मागून काप घ्यायला सुरुवात केली. वारं नव्हतं. झाडावर एरवी बगळे बसायचे, त्या दिवशी एकही नव्हता, आणि तात्याला ते उगाच खटकत राहिलं. काप अर्ध्याच्या पुढे गेला तसं झाड आतून कुरकुरलं. अविराजने त्याच्याकडे पाहिलं. तात्याने मान हलवली, चालू दे.

तेवढ्यात नकोशी कोपीतून बाहेर आली आणि बाळाच्या अंघोळीचं घमेलंभर पाणी तिने दारात ओतलं.

ते पाणी चोपलेल्या मातीवरून निघालं. फक्कीच्या रेघेपाशी पोचलं, रेघ भिजवून फोडून पुढे आलं आणि सरळ झाडाच्या दिशेने वाहू लागलं.

तात्याने रेघेपासून बुंध्यापर्यंत नजर फिरवली. पाणी झाडाकडे येतंय म्हणजे माळ झाडापासून वर चढत गेलाय. डोळ्याला तो चढ कधी जाणवला नाही, पण रेघेपाशी जमीन कमरेएवढी, चारेक फूट उंच असणार. काठी सपाटीवर होती, झाडाची सावली मात्र चढावर पडली होती. चढाने सावलीला मध्येच अडवलं होतं. जेवढा चढ, तेवढी सावली आखूड. झाड छप्पन्न फुटांचं नव्हतंच, साठाचं होतं. आणि कोप रेघेपासून एका फुटावर.

त्याने हात वर करून मशीन थांबवायला लावलं. अविराज म्हणाला की आता थांबून उपयोग नाही, झाड नुसतं सालपटावर उभं आहे, कुठल्याही क्षणी जाईल. तात्या ऐकायला थांबलाच नाही. चार वर्षांपूर्वी गुडघा गेलेला हा म्हातारा त्या चढावर धावला, आणि धावताना पहिल्यांदाच तो चढ त्याच्या पायांना कळला.

नकोशी बाळाला झोळीत घालत होती. बाहेर ये म्हटल्यावर तिला नवल वाटलं.

"आमी रेघंच्या पल्याड हाय की, तात्या," ती म्हणाली. "तुमचीच रेघ हाय."

"पोरी, रेघ चुकली माझी. लेकरू उचल."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. नकोशीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने बाळ छातीशी धरलं, तात्याने तिचा दंड धरला आणि दोघं बैलगाड्यांच्या मागे पोचतात न पोचतात तोच मागे कडाड आवाज झाला. जमीन हादरली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. शेंडा कोपीत घुसला होता. झोळी टांगलेला वासा मोडून जमिनीला टेकला होता आणि झोळीवर मांडीएवढी फांदी होती.

बाळ रडत होतं. तेवढ्या आवाजावर तात्या उभा राहू शकला.

दुपारी टोळी परतली. भिमाने मोडकी कोप बघितली, बायको-लेकराला बघितलं आणि तात्याच्या पायांवर डोकं ठेवलं. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं जो तो म्हणू लागला. तात्याला आधीच दिसलं, तात्याला झाड बोलतं, असंही कुणी म्हणालं. तात्या सांगत होता की चूक माझी होती, मीच मारत होतो त्यांना. पण तो थोर माणसाचा विनय समजून लोक आणखीच माना डोलवत होते.

मग भिमा नवे बांबू खांद्यावर घेऊन आला. पलीकडे विजयसिंहाची दुसरी नीलगिरी उभी होती.

"तात्या, कोप कुठं ठोकू? तेवढी रेघ मारून द्या."

तात्या तिथेच पडलेल्या खोडावर बसला. झाडं पाडतानाच लोक त्याला बोलवत होते असं नाही. घर बांधताना, गोठा घालतानाही शेजारच्या झाडापासून किती लांब पाया काढू, असं विचारायला यायचे आणि तो रेघ मारून द्यायचा. ती झाडं अजून उभी होती आणि त्या रेघांवर भिंती चढल्या होत्या. निरवांगीच्या टेकाडावर तर त्याच्या लेकीचं, सुप्रियाचं घर होतं, वाळत चाललेल्या चिंचेसमोर. तिथली जमीन कशी आहे ते त्याने आठवून बघितलं. चिंचेपासून दाराशी पोचेपर्यंत दम लागतो, एवढंच त्याला आठवलं.

भिमाला त्याने सांगितलं, जिथे एकही झाड नाही तिथे जा, मला विचारू नको. मग अविराजला गाडी काढायला लावली.

"कुठं जायचं, तात्या?"

"आधी निरवांगीला. मग बाकीच्या घरांकडं."

"किती घरं हायती?"

तात्याने बोटं मोजायला घेतली. दोन्ही हातांची संपली तसा तो थांबला.

"म्या कधी मोजलीच न्हायत," तो म्हणाला.