नाकारलेला वन्समोर

देवाशी भांडलेलं माणूस देवाच्या अनुभवाबद्दल लिहायला बसलं तर लोक हसतील, आणि खुशाल हसावं. दोन वर्षं मी सिद्धेश्वराच्या देवळाकडे फिरकले नव्हते. रिक्षा देवळाच्या तळ्याजवळून जाऊ लागली की मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघत बसायचे. गळ्यातली गाठ काढली, जीव वाचला, पण शुद्धीवर येऊन पाणी मागितलं तेव्हा घशातून जे निघालं ते माझं नव्हतं. तीस वर्षं मी संगीत नाटकांत काळी चारच्या पट्टीत, म्हणजे बायकांच्या चांगल्या उंच स्वरात गायले होते. आता नुसतं बोलले तरी दार करकरल्यासारखं वाटायचं. लोक म्हणायचे, जीव वाचला हे काय कमी आहे? मी म्हणायचे, हो, कमी आहे. देवळात शेवटची गेले तेव्हा देवालाही तेच सांगून आले होते, की न्यायचं होतं तर सगळं न्यायचंस, असली अर्धवट कामं कशाला करतोस.

रियाज मात्र सोडला नाही. भवानी पेठेत आमच्या भिंतीला लागून यंत्रमाग चालतात. त्या खडखडाटात माझा फाटका आवाज कुणाला ऐकू जात नसे, म्हणून माग सुरू झाले की मी तंबोरा लावायचे. आमचे ऑर्गनवाले अण्णा, ज्यांनी माझ्या पहिल्या नाटकापासून साथ केली, ते रोज सकाळी यायचे आणि साथीला बसायचे. दीड वर्षाने आवाज काळी दोनवर येऊन टेकला. ती पुरुषांची पट्टी. त्याच्या वर जायला गेले की गळा चक्क नाही म्हणायचा. मी चिडून वर जायचे, आणि तो पुन्हा नाही म्हणायचा.

अशात नाट्यमंडळाने आमचं जुनं नाटक पुन्हा काढायचं ठरवलं. सेक्रेटरी घरी आले ते माझ्या सत्काराचं आमंत्रण घेऊन. शाल, श्रीफळ आणि पहिल्या रांगेतली खुर्ची. नायिका एक नवी मुलगी करणार होती. मी म्हटलं, "सोलापूरच्या उन्हात शाल घेऊन काय करू? नायिका मीच करणार." ते वय काढायला लागले, तर म्हटलं, संगीत नाटकात नायिकेचं वय विचारायची पद्धत नाही. शेवटी बिचारे खरं ते बोलले, "ताई, लोक हसतील की." मी म्हटलं, "हसू देत. तिकीट काढून हसतील." त्या दिवशी माझ्यात एवढा ताठा कुठून आला कोण जाणे. मंडळाने नाइलाजाने होकार दिला.

प्रयोग शनिवारी दुपारी साडेचारचा होता. पडद्यामागे नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, सगळे नांदीला उभे राहिले. मी हाताची घडी घालून उभी. अण्णांचं घर कानडी. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "कै मुगी की गं, हात तरी जोड." मी जोडले नाहीत. नांदीचा एक शब्दही म्हटला नाही. गाणार ते माझ्या जिवावर, देवाच्या नाही, असं मनात होतं.

पहिल्या प्रवेशाला टाळ्या पडल्या. त्या जुन्या ओळखीच्या होत्या, मला कळत होतं. मग मी पहिलं पद काळी दोनमध्ये सुरू केलं आणि सभागृह एकदम गार पडलं. पहिल्या ओळीलाच कुणीतरी शेजाऱ्याकडे वळून बघितलं. मधल्या रांगांतले तिघे-चौघे चहाला उठले. दुसऱ्या रांगेत एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि त्या पदराचा मला उठून गेलेल्यांपेक्षा जास्त राग आला. पद संपलं आणि पुढच्या खुर्च्यांतून, जिथे मंडळाची माणसं बसली होती, आवाज आला, "वन्समोर!"

वन्समोर म्हणजे प्रेक्षकांनी तेच पद पुन्हा मागणं. आमच्यात तो कुणी नाकारत नाही. ताप असला, घरी मयत झालेलं असलं, तरी मायबाप प्रेक्षकांनी मागितलं की पुन्हा गायचं. मी पुढे आले आणि म्हटलं, "हे पद काही बरं झालं नाही. दयेचा वन्समोर मी घेत नाही. गाणं आवडेल तेव्हा मागा." कुणी हसलं नाही. अण्णा ऑर्गनवर मान खाली घालून बसले होते.

नाटक पुढे सरकलं, दुसरं पद आलं, आणि अण्णांची चूक झाली. तीस वर्षांची सवय, त्यात मी त्यांना हादरवून सोडलेलं. हात आपसूक काळी चारवर गेले. माझ्या कानाने पहिल्याच सुराला ओळखलं. नुसता हात वर केला असता तरी ते थांबले असते. पण मला वाटलं, बघूच आता, कोण मोठं ते. मी त्या उंच पट्टीत शिरले. पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसऱ्या ओळीत वरच्या षड्जावर गळा फाटला, आणि पुढे नुसती हवा निघाली. ऑर्गन थांबला. मी विंगेकडे वळले. त्या क्षणी आत गेले असते तर जन्मात पुन्हा बाहेर आले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात अगदी मागून एका बाईचा आवाज आला. त्यात कीव नव्हती, घाईही नव्हती. "ताई, खालनं घ्या की. आमी कुटं पळून चाल्लोय? तुमी हाय तितनं गावा, आमी ऐकतो." माझे पाय थांबले. दोन वर्षं मी देवाकडे जुना आवाज परत मागत होते. आहे त्यातून गा, असं मला कुणी म्हटलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. मी अण्णांकडे बघून दोन बोटं दाखवली. त्यांनी काळी दोनचा सूर धरला, आणि मी खाली उतरले.

त्या पदात खालचे असे स्वर लागले की जे माझ्या चांगल्या दिवसांतही कधी लागले नव्हते. मी ते लावले असं म्हणवत नाही. ते येत गेले, मी वाट सोडून उभी राहिले. चहाला गेलेले दारातच उभे दिसले. पद संपायच्या आत मागच्या रांगांतून वन्समोर आला, मग माडीवरून, मग सगळीकडून. माझे हात जोडले गेले. मी ते पद पुन्हा गायले, आणि तिसऱ्यांदाही.

नंतर मी दारावरच्या माणसाला मागे कोण बसलं होतं ते विचारलं. तो म्हणाला, "चिंचोळी एमआयडीसीतल्या बाया हुत्या, पहिली शिफ्ट करून आलत्या. गेल्या की बसला." तिचं नाव मी शोधलं नाही. ती एक दमलेली बाई होती आणि तिला गाणं ऐकायचं होतं, एवढंच मला माहीत आहे. तिच्या तोंडून कोण बोललं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.

भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. देवा, काळी चार नेलीस ते मला आवडलेलं नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी तसं म्हणणार नाही. पण हा खालचा आवाज तू दिलास, तो मी दोन्ही हातांनी घेतलाय, आणि त्याबद्दल तुझी ऋणी आहे. आता हाही न्यायचा असेल तर ने बाबा, तुझंच आहे सगळं. फक्त गाता गाता ने, कारण आपणहून मी आता थांबायची नाही.