वरची पेंढी

तिसरीचं वर्ष म्हणजे गुणाकाराचं. आमची शाळा सोमेश्वरनगरच्या अलीकडं, कारखान्याच्या रस्त्यावर. मी बारामतीहून स्कूटीवर जाते-येते. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात, आणि मी दारोदार फिरून त्यांची पोरं शाळेत ओढून आणते. कुणी म्हणेल, बाईला दुसरा उद्योग नाही. नाहीच.

गेल्या हंगामात अशीच एक पोरगी आणली. तिची आई म्हणाली, "मोजायपुरतं शिकवा बाई. लई न्हाय." मी मनात म्हटलं, बघतेच. इंदापूरला मुलींचं वसतिगृह आहे. तिथं घातली तर आईबाप कुठंही तोडीला जावोत, पोरगी एका जागी शिकेल. तसं मी आईला सांगितलंही. ती म्हणाली, "बघू." बघू म्हणजे नाही, हे काय मला कळत नाही होय? पण मी हट्टाला पेटले.

गुणाकार मी चिंचोक्यांवर शिकवते. नुसते पाढे पोरं पोपटासारखे म्हणतात, आणि 'पाच चोक वीस'मधले वीस कुठनं आले विचारलं की तोंडाकडं बघतात. म्हणून फरशीवर एका ओळीत पाच चिंचोके, खाली आणखी पाच, अशा चार ओळी. मग मिळवत जायचं. पाच न् पाच दहा, न् पाच पंधरा, न् पाच वीस.

पोरगी ओळी झकास मांडायची. मिळवायचीही बरोबर. आणि सगळं झाल्यावर डब्यातला एक चिंचोका काढून शेजारी ठेवायची.

"एकवीस."

"अगं बाई, हा कुठनं आला?"

"वरचा."

पोरं खिदळायची. तीन चोक तेरा, पाच दुणे अकरा! मी कपाळाला हात लावला. रागावले, समजावलं, चिंचोके पुन्हा मांडून घेतले. शेवटचा चिंचोका काही हटेना. बरं, चुकायचं तर रोज नेमकं एकानंच कसं चुकतं?

एकदा शाळा सुटल्यावर कोप्यांकडं गेले, तर तिची आई रस्त्याकडेला वाढे विकत होती. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तोडीवरून येताना बायका त्यांच्या पेंढ्या बांधून आणतात, आणि वडगावकडचे गाई-म्हशीवाले घेऊन जातात. मोजून झालं की गिऱ्हाइकाला एक पेंढी वरची द्यायची, अशी रीत. ती टाकल्याशिवाय मोजणं पुरं होतच नाही. पोरगी कळायला लागल्यापासून हेच बघत आलेली! मला तिथंच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवलं. "हे बघ, वरची ही आपण खुशीनं देतो. ती ओळीतली नव्हं. आधी ओळींचं उत्तर सांग, मग काय द्यायचं ते दे."

तिनं ओळींवरनं एकदा बोट फिरवलं. "वीस," म्हणाली. मग हळूच, "आन् ही वरची येगळी."

त्यानंतर तिला थांबवणं मुश्कील झालं. चाराच्या पाच ओळी केल्या काय न् पाचाच्या चार केल्या काय, वीसच होतात, हे तिनंच वर्गाला दाखवलं. मला इतका आनंद झाला की वसतिगृहात फोन करून जागा आहे का, हेही विचारून ठेवलं.

आणि पोरगी यायची बंद झाली.

वाट बघून शेवटी कोपीवर गेले. आई नुकतीच उसाच्या फडातून आली होती. अंगभर पाचटाची कुसळं. मला बघून तिनं हातच जोडले. "लई उपकार झाले बाई. आता पोरगी एकटी वाढ्यावर बसती. मला अर्ध्यातनं फड सोडून यावं लागत न्हाय."

"अहो, पण वसतिगृह..."

"मोजायपुरतंच म्हनले हुते की मी."

भांडायची लई उबळ आली होती. पण ती बाई कोपीच्या कुडाला टेकल्या टेकल्या डोळे मिटत होती. चहा घेऊन निघाले.

रस्त्याकडेला पोरगी होती. पुढ्यात पेंढ्या सरळ ओळींत मांडलेल्या, माझ्या फरशीवरच्यासारख्या. एक मोटारसायकलवाला उभा होता. तिनं एकाही पेंढीला हात न लावता नुसतं बोट फिरवलं. "पाच चोक वीस. न् ही वरची." तो पेंढ्या बांधून गेला, तशी ती माझ्याकडं वळली. चेहरा नुसता फुललेला.

"बरोबर हाय न्हवं, बाई?"

"बरोबर हाय."

"वर्गात आता सहाचं घेनार का?"

"घेणार."

"मग जाताना मला हितं सांगून जावा."

व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?