बुडाशी ठोकलेलं साल

मी इतिहासाचा मास्तर. नवीन जालन्यातल्या आमच्या कॉलनीत पंधरा ऑगस्टचं भाषण वर्षानुवर्षं माझंच. नव्वद सालच्या सुमारास शेजारी बँकेतला एक कारकून राहायला आला आणि माझा माईक डळमळला.

याचा आजोबा म्हणे इंग्रजांच्या वेळी सिंगापूर बेटावरच्या तोफखान्यात होता. पानटपरीवर मी खोडा घातलाच. "तिथं भरती सगळी पंजाबची. तुमचे आजोबा कुठून घुसले?"

"न्हावी म्हणून, गुरुजी. तोफेला कधी हात न्हाई लावला. त्यात निम्मे गोलंदाज शीख, मंग काम बी निम्मंच."

सगळी पानटपरी खदाखदा हसली. खोटं बोलला असता तर पकडला असता. हा लेकाचा खरं बोलून टाळ्या घेत होता! पुढं तो रंगवून सांगायचा, समुद्राकडं तोंड करून बसलेल्या तोफा, पाठीमागच्या जंगलातून सायकलींवर आलेले जपानी... लोकांच्या हातातला चहा निवायचा. माझ्या भाषणात लोक चपला शोधायचे.

"यंदा त्यांनाच बोलू द्या," कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले. "आजोबांची वस्तऱ्याची पेटी बी आणणारेत."

"आमचेही आजोबा तोफखान्यातच होते," मी बोलून गेलो. "मी तोफगोळ्याची रिकामी पुंगळी आणतो."

जालन्यात लोखंडाचे कारखाने, त्यामुळं भंगाराला तोटा नाही. पितळी पुंगळी मिळाली. चिंचेनं घासताना बायको म्हणाली, "आजेसासरे तर लवंगी फटाका वाजला तरी कणगीमागं बसायचे म्हणं."

झेंडा झाला. टेबलावर त्याची पेटी, शेजारी माझी पुंगळी. तिच्यापुढं पेटी अगदीच किरकोळ दिसत होती, मी सुखावलो. शेजाऱ्यानं पुंगळी कौतुकानं उचलली, उलटी केली. बुडाशी १९७१ साल ठोकलेलं होतं. घासताना ते आम्ही पाहिलंच नव्हतं. त्या साली माझ्या आजोबांचं तेरावं होऊन अकरा वर्षं झालेली.

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. पुंगळी सरळ ठेवली, झेंड्याचा उरलेला झेंडू तिच्यात खोवला आणि कानाशी पुटपुटला, "उलटी करू देऊ नका कुणाला." मंग मोठ्यानं, "आधी गुरुजी बोलतील!"

मी दोन वाक्यं कशीबशी बोललो आणि माईक त्याच्या हातात दिला. तो अजून त्याच्याकडंच आहे. त्यानं मला उघडं पाडलं असतं तर निदान वैर तरी धरता आलं असतं.