अडीच फळ्या पाणी

रेझ्युमे एका पानाचा हवा होता आणि माझं अर्धं पानही भरेना. कॉलेज, मार्क, दोन सॉफ्टवेअर, वक्तृत्वातलं तिसरं बक्षीस. संपलं! नेदरलँड्समधल्या एका किनारा-अभ्यासाच्या प्रयोगशाळेला तीन महिन्यांसाठी एकच विद्यार्थी घ्यायचा होता, आणि तो विद्यार्थी मीच असायला हवी, असं मी मनाशी पक्कं करून बसले होते. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला होते. वर्गातल्या मुलींच्या रेझ्युमेत मोठाल्या कंपन्यांची नावं. माझं डोकंच फिरलं होतं.

मग माझी नजर बाबांच्या कॅलेंडरांवर गेली.

आमची भातशेती खाडीला लागून, खारबांधाच्या आत. बांधाला उघाडी असते, म्हणजे पाण्याचं लाकडी दार. भरतीला ते मिटायचं, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडायचं. गावाच्या उघाडीची राखण बाबांकडे. उधाणाला पाणी दाराच्या कितव्या फळीपर्यंत चढलं ते बाबा घरी येऊन कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचे. ‘अडीच फळ्या.’ ‘तीन फळ्या दोन बोटं.’ अशी आठ वर्षांची कॅलेंडरं एका खिळ्याला लटकत होती.

दोन दिवस बसून मी सगळं कॉम्प्युटरवर चढवलं, आलेख काढला, आणि उडालेच. शेवटच्या तीन वर्षांत पाणी एकदम वर चढलं होतं! आमच्या खाडीत समुद्र वाढतोय आणि ते सांगणारी मी! आलेख अर्जाला जोडला आणि रेझ्युमेत लिहिलं, ‘सातवीपासून आठ वर्षं भरतीची नोंद स्वतः ठेवली.’ ‘स्वतः’ एकदा लिहून पुसलं. मग परत लिहिलं.

अर्जाला पालकाची सही लागत होती. आमच्या घरात वाचून दाखवल्याशिवाय कागदावर सही होत नाही. जमिनीचे दलाल गावात फिरायला लागले तेव्हापासूनचा तो नियम. बाबा ओटीवर मांडी घालून बसले. “वाच बाय.”

मी इंग्रजीचं मराठी करत वाचत गेले. कॉलेज वाचलं, बक्षीस वाचलं, आणि ती ओळ गाळून सरळ खाली उतरले. बाबा ऐकत होते, मान हलवत होते.

“बस? येवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी मुलाखतीला बोलावणं आलं. दुपारची वेळ होती, व्हिडिओवर. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं भिंतीशी बसले. इंग्रजी त्यांना कळत नाही, पण त्यांना बघायचं होतं. नको कसं म्हणणार?

पडद्यावरच्या प्राध्यापक बाई हसऱ्या होत्या, आणि त्यांनी आलेखच उघडला होता. सातवीतली मुलगी पाणी मोजते याचं त्यांना भारी कौतुक. एखादं मूळ पान दाखवशील का, म्हणाल्या. मी कॅलेंडर कॅमेऱ्यापुढे धरलं. बाबा ताठ बसले.

मग त्यांनी विचारलं, फळी म्हणजे किती सेंटिमीटर?

मला माहीत नव्हतं. अहो, आठ वर्षांची नोंद माझी आणि मला फळी केवढी ते ठाऊक नाही! एक मिनिट, म्हणून मी मान वळवली. “बाबा, फळी किती इंचाची?”

“कंची? जुनी का नवी?”

“नवी म्हणजे?”

“तीन वर्सं झाली की उघाडी बदलून. जुनी फळी आठ इंची व्हती, आताची सहाची. म्हणून तर आकडा जास्त येतो. पाणी तेवढंच हाय.”

पाणी तेवढंच होतं. वाढली होती ती नुसती फळ्यांची संख्या.

बाई वाट बघत होत्या. थाप मारता आली असती. तोंडही उघडलं होतं त्यासाठी. पण बाबा इतक्या उत्साहानं हातानं सहा इंचांचं माप दाखवत होते, की माझ्याच्यानं होईना. मी सांगून टाकलं. आलेख चुकलाय. नोंद माझी नाही, माझ्या वडिलांची आहे. मी खोटं लिहिलं.

त्यातला ‘फादर’ एवढा शब्द बाबांना कळला. आपली ओळख करून देतेय असं वाटून ते सरकत कॅमेऱ्यापुढे आले आणि त्यांनी हात जोडले. बाईंनीही जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निवड झाली नाही, हे चार दिवसांनी कळलं. त्याचं मला काहीच वाटलं नाही, कारण व्हायचं ते त्याच दुपारी होऊन गेलं होतं. लॅपटॉप मिटल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, गाळलेल्या ओळीसकट. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसती पानं उलटत राहिले.

“मी चिखलातनं येऊन हे लिवायचो तवा तू समोरच बसायचीस, अभ्यासाला,” ते म्हणाले. “आठ वर्सं. एकदा तरी विचारायचं व्हतंस गं, बाबा काय लिवता म्हणून.”